शॉवर बदलण्याआधी झिणझिण्यांचे कारण शोधा

प्रश्न : आमच्या बाथरूममध्ये भिंतीवर बसवलेला, चालू करताच पाणी तापवून देणारा विजेचा शॉवर आहे. तो ७.५ किलोवॉटचा असून गेली बारा वर्षे वापरात आहे. आता त्याची धार फार बारीक झाली आहे आणि खालून पाणीही झिरपते, म्हणून मी १०.५ किलोवॉटचा नवा शॉवर आणून ठेवला आहे. घरातील नळकाम मी स्वतः करतो. दिवे, स्विच आणि सॉकेट बदलण्याचे कामही मी आजवर स्वतःच केले आहे. माझ्या थोरल्या भावाचे म्हणणे असे की, मेन स्विच बंद करून जुन्या शॉवरच्या तीन वायर सोडवायच्या आणि नव्या शॉवरला त्याच क्रमाने जोडायच्या, एवढ्यासाठी इलेक्ट्रिशियन कशाला हवा? पत्नीला मात्र हे मुळीच मान्य नाही. शॉवरच्या केबलवर ६ चौरस मिलिमीटर असे छापलेले आहे. ती केबल काही अंतर छतावर अंथरलेल्या उष्णतारोधक थराखालून जाते. बोर्डात शॉवरसाठी ४० अँपिअरचा वेगळा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, आहे. हल्ली शॉवर चालू असताना पाण्याच्या धातूच्या पाइपला हात लागला की हाताला किंचित झिणझिण्या येतात, पण नवा शॉवर बसवल्यावर ते आपोआप थांबेल असे वाटते. हे काम मी स्वतः करावे का?

उत्तर : तुमच्या पत्रातील बराचसा मजकूर नव्या शॉवरविषयी आहे, परंतु माझी नजर अडली ती शेवटी जाता जाता लिहिलेल्या झिणझिण्यांपाशी. म्हणून तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक विनंती करतो. हे उत्तर पूर्ण वाचून होण्याची वाट न पाहता बोर्डापाशी जा, शॉवरचा एमसीबी बंद करा, त्यावर ‘चालू करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि घरातील प्रत्येकाला, लहान मुले असतील तर त्यांनाही, तसे स्पष्ट सांगा. झिणझिण्यांचे कारण सापडून ते दूर होईपर्यंत तो शॉवर कोणीही, अगदी एका आंघोळीपुरताही, वापरू नये.

या झिणझिण्या म्हणजे काय, हे नीट समजून घेतले की पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया तयार होतो. शॉवरच्या आत पाणी तापवणारे जे एलिमेंट असते, त्यात विजेची तार एका धातूच्या नळीत, इन्सुलेशन भरून, बसवलेली असते. वर्षानुवर्षे क्षारांचे थर बसून आणि तापणे-निवणे चालू राहून ही नळी कुठेतरी तडकते, आतल्या इन्सुलेशनला ओल लागते आणि थोडा थोडा प्रवाह बाहेरच्या धातूकडे व पाण्याकडे झिरपू लागतो. जुन्या शॉवरच्या बाबतीत हे घडू शकते, आणि ते घडेल असे गृहीत धरूनच त्याला अर्थ वायर जोडलेली असते. अर्थ वायर शाबूत असेल तर झिरपणारा प्रवाह तिच्यातून निमूटपणे निघून जातो आणि पाइपला हात लावणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. तुम्हाला ती लागते, याचा अर्थ त्या प्रवाहाला जाण्यासाठी तुमच्या शरीराची वाट सोपी वाटावी अशी काहीतरी अवस्था अर्थिंगची झालेली आहे. अर्थ वायर तुटलेली असेल, टर्मिनलमधून निसटलेली असेल, गंजलेली असेल किंवा पहिल्यापासून जोडलेलीच नसेल. क्वचित असेही होते की दोष घरातील दुसऱ्याच एखाद्या उपकरणात असतो आणि तो अर्थ वायरच्या किंवा पाइपच्या मार्गाने बाथरूमपर्यंत पोहोचतो. तुमच्या बाबतीत शॉवर चालू असतानाच झिणझिण्या येतात, त्यामुळे संशयाची सुई शॉवरकडेच जाते, परंतु तपासणी दोन्ही शक्यता धरून व्हायला हवी.

आता तुमच्या मनातील अपेक्षेकडे येतो. नवा शॉवर बसवला की झिणझिण्या थांबतील, असे तुम्ही म्हणता. ते बहुधा खरे ठरेल, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. नव्या शॉवरचे एलिमेंट शाबूत असेल, त्यातून काहीही झिरपणार नाही, पाइप निर्धोक वाटेल आणि घरातील सगळे निश्चिंत होतील. अर्थ वायर मात्र पूर्वी जशी निकामी होती तशीच निकामी राहील. पुढे कधीतरी हेही एलिमेंट तडकेल. त्या वेळी गळती हळूहळू वाढत जाऊन आधी झिणझिण्यांनी इशारा देईलच, असे कोणी सांगू शकत नाही. ती एकदम मोठीही असू शकते, आणि त्या क्षणी शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाचे सर्वांग भिजलेले असेल. आज जुन्या शॉवरमुळे एक झाकलेला दोष उघड झाला आहे, आणि तो शोधून काढण्याआधी शॉवर बदलणे म्हणजे तो पुन्हा झाकणे होय.

भिजलेल्या अंगाचा मुद्दा मी मुद्दाम काढला. कोरड्या हाताच्या त्वचेचा विजेला होणारा विरोध पुष्कळ असतो, त्यामुळे तुम्हाला लागलेला प्रवाह एक-दोन मिलिअँपिअरच्या घरातील असावा, कारण साधारण तेवढ्या प्रवाहालाच झिणझिण्या जाणवतात. प्रवाह दहा मिलिअँपिअरच्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तो तीस मिलिअँपिअरच्या पुढे जाऊन काही काळ टिकला तर हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. अंग ओले असताना शरीराचा विरोध एक हजार ओहमपर्यंत किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो, आणि एक हजार ओहम धरले तरी २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. ४० अँपिअरचा एमसीबी हा प्रवाह पाहून तसूभरही हलणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा एक अँपिअरच्या पावपटीपेक्षाही कमी प्रवाह आहे. एमसीबी केबलचे रक्षण करतो, माणसाचे करत नाही, हे वाक्य मी या सदरात पुष्कळदा लिहिले आहे आणि पुढेही लिहीत राहीन.

माणसाचे रक्षण करणारे उपकरण वेगळे असते. ते म्हणजे आरसीसीबी. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परतलेला प्रवाह यांत फरक पडला की ते पुरवठा तोडते. बाथरूमसाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे लागते. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून बोर्डाकडे नीट पाहा. आरसीसीबीवर एक छोटे बटण असते, त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे लिहिलेले असते आणि जवळच ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा आकडा छापलेला असतो. असे बटण कुठेच दिसले नाही तर तुमच्या शॉवरला हे संरक्षण नाही असे समजा. ते दिसले तरी निश्चिंत होऊ नका, कारण एक-दोन मिलिअँपिअरच्या गळतीला ते दाद देत नाही आणि देऊही नये. शिवाय टेस्टचे बटण दाबल्यावर आरसीसीबी उडाला, तर त्यावरून फक्त त्याची आतली यंत्रणा चालू आहे एवढेच कळते. तुमची अर्थ वायर जागेवर आहे की नाही, याविषयी ते बटण काहीही सांगत नाही.

आता थोरल्या भावांच्या म्हणण्याचा विचार करू. वायर तीनच असतात आणि त्या त्याच क्रमाने जोडायच्या असतात, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. नव्या शॉवरला जुन्याहून किती जास्त वीज लागते, हा हिशेब मात्र त्यांनी केलेला नाही. २३० व्होल्टवर ७.५ किलोवॉटचा शॉवर सुमारे ३२.६ अँपिअर प्रवाह घेतो, तर १०.५ किलोवॉटचा सुमारे ४५.७ अँपिअर. काही कंपन्या शॉवरचे किलोवॉट २४० व्होल्टला धरून छापतात, त्यामुळे आधी शॉवरवरील पट्टी वाचा. तसे असेल तर तोच शॉवर २३० व्होल्टवर सुमारे ९.६ किलोवॉट आणि ४१.९ अँपिअर घेईल. कोणताही आकडा धरला तरी तो ४० च्या पुढे जातो.

प्रवाह १.४ पट झाला की केबलमध्ये निर्माण होणारी उष्णता १.४ पट नव्हे, तर जवळजवळ दुप्पट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहा चौरस मिलिमीटरची सामान्य पीव्हीसी केबल भिंतीवर मोकळी ठोकलेली असेल तर ती साधारण ४७ अँपिअर प्रवाह सुरक्षितपणे वाहू शकते. तीच केबल उष्णतारोधक थराखाली दबली तर तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि तिची क्षमता साधारण ३२ अँपिअरपर्यंत खाली येते. तुमच्या केबलची हीच स्थिती आहे, म्हणजे जुना शॉवरसुद्धा अगदी काठावर चालत होता. नव्या शॉवरने पीव्हीसीची ७० अंश सेल्सिअसची मर्यादा सहज ओलांडली जाईल. मर्यादा ओलांडली म्हणजे केबल लगेच पेट घेते असे नाही. तिचे इन्सुलेशन वाळत जाते, ठिसूळ होते आणि काही वर्षांनी, छताच्या आत कोणाला दिसणार नाही अशा जागी, उकलू लागते.

यावर ‘आंघोळ दहा मिनिटांची असते, तेवढ्यात केबल कुठे तापते?’ असा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो वाजवी आहे. जाड केबल तापायला वेळ लागतो, हे खरे. परंतु घरात चार माणसे असतील तर सकाळी आंघोळी एकामागून एक होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, केबल जिथे जोडली जाते ते टर्मिनल आकाराने लहान असल्यामुळे काही मिनिटांतच तापते. शॉवरच्या जोडणीत आग लागण्याची सुरुवात बहुतेक वेळा केबलच्या मधल्या भागात होत नाही, ती टर्मिनलमध्ये होते. छतावर दोरी ओढून चालू-बंद करायचा जो स्विच असतो, तो मी पुष्कळ वेळा उघडून पाहिला आहे. करपलेल्या स्विचमध्ये मला जवळजवळ नेहमी दोनपैकी एक गोष्ट सापडली : स्क्रू पुरेसा आवळलेला नव्हता, किंवा तांब्याऐवजी केबलचे इन्सुलेशनच स्क्रूखाली दाबले गेले होते. सैल जोड प्रत्येक आंघोळीला तापतो आणि नंतर निवतो, त्यामुळे तो अधिकच सैल होत जातो. स्विचचे झाकण पिवळे पडणे, जळकट वास येणे किंवा दोरी ओढताना चरचर ऐकू येणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि तुमच्या स्विचवर ती दिसतात का, हे आजच पाहून ठेवावे. त्या स्विचवर किती अँपिअर लिहिले आहे तेही पाहा. ४५.७ अँपिअरच्या शॉवरसाठी तो ५० अँपिअरचा हवा, आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा.

‘जास्त प्रवाह गेला तर एमसीबी उडेलच की,’ असे तुमच्या मनात आले असेल, म्हणून त्याविषयीही सांगतो. घरगुती एमसीबी अशा रीतीने बनवलेला असतो की त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहावर त्याने एक तासाच्या आत उडू नये आणि १.४५ पट प्रवाहावर मात्र एक तासाच्या आत उडावे. ४५.७ अँपिअर म्हणजे ४० च्या सुमारे १.१४ पट. म्हणजे तुमचा एमसीबी हा शॉवर पुष्कळ वेळ बिनतक्रार चालू देऊ शकतो, आणि तो उडत नाही म्हणून सगळे व्यवस्थित आहे असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. आणि तो उन्हाळ्यात अधूनमधून उडू लागला, तर त्या जागी ५० अँपिअरचा बसवावा असा मोह होईल. कृपा करून तसे कधीही करू नका. केबल तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर छतातल्या त्या केबलला उरलेसुरले संरक्षणही राहणार नाही.

मग १०.५ किलोवॉटचा शॉवर खरोखर हवा आहे का? पाणी २५ अंशांनी तापवायचे असेल तर ७.५ किलोवॉटमध्ये मिनिटाला सुमारे ४.३ लिटर आणि १०.५ किलोवॉटमध्ये सुमारे ६ लिटर पाणी मिळते. फरक जाणवण्यासारखा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु तुमचा जुना शॉवर नवा असताना त्याची धार पुरेशी होती की नव्हती, हे आठवून पाहा. बारा वर्षांत बारीक झालेल्या धारेला बहुतेक वेळा शॉवरच्या जाळीत आणि आतल्या गाळणीत साचलेले क्षार कारणीभूत असतात, किलोवॉट नव्हे. नवा ७.५ किलोवॉटचा शॉवर स्वच्छ जाळीसह आला की धार पूर्वीसारखी होईल. शिवाय प्रत्येक शॉवरला पाण्याचा ठरावीक किमान दाब आणि प्रवाह लागतो. तो शॉवरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मोठ्या शॉवरला तो मिळत नसेल तर मोठ्या आकड्याचा काहीच उपयोग होणार नाही.

माझ्या मते तुमच्यापुढे दोनच योग्य मार्ग आहेत. नवा शॉवर अजून खोक्यात असेल आणि परत करता येत असेल, तर तो परत करून ७.५ किलोवॉटचाच घ्यावा. अर्थिंग दुरुस्त झाल्यावर आणि केबल तपासून घेतल्यावर तो जुन्या केबलवर बसवता येईल, आणि त्याच वेळी छतावरचा थर केबलच्या वरून बाजूला करून किंवा केबल थराच्या वर घेऊन तिला थोडा मोकळा श्वास देता आला, तर फारच उत्तम. ८.५ किलोवॉट हा मधला मार्ग वाटतो खरा, पण तो सुमारे ३७ अँपिअर घेतो आणि थराखाली दबलेल्या तुमच्या केबलला तेवढेही पेलणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे १०.५ किलोवॉटचाच शॉवर ठेवून बोर्डापासून शॉवरपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी केबल, नवा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि ५० अँपिअरचा स्विच असे संपूर्ण नवे सर्किट करून घेणे. तिथेही केबल थराखालून नेली तर १० चौरस मिलिमीटरच्या केबलची क्षमता साधारण ४४ अँपिअरवर येते, त्यामुळे तिचा मार्ग विचारपूर्वक ठरवावा लागेल. बाथरूमच्या फरशा उखडून नव्याने करण्याचा विचार असेल तर मी दुसरा मार्ग सुचवेन, एरवी पहिला. नवा शॉवर जुन्या केबलवर, हा तिसरा मार्ग भावांना सोपा वाटतो, पण तो मी कोणालाही सुचवणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. हे काम तुम्ही स्वतः करावे का? कायद्याची बाजू तुम्ही राहता तेथील नियमांवरून ठरेल आणि ते नियम देशागणिक फार वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात परवाना नसलेल्या माणसाने घराच्या स्थिर वायरिंगला हात लावणेच बेकायदा आहे. इंग्लंडमध्ये त्याच जागी तसाच शॉवर बदलणे प्रशासनाला न कळवता करता येते, पण बोर्डापासून नवे सर्किट ओढायचे असेल तर ते कळवावे लागते किंवा नोंदणीकृत व्यक्तीकडून करून घ्यावे लागते. तुमच्याकडचा नियम आणि घराच्या विम्याच्या अटी आधी वाचा. परंतु नियमाने मुभा असती, तरीही तुमच्या बाबतीत माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि त्याचा तुमच्या हातातील कौशल्याशी काहीही संबंध नाही. अर्थिंगमध्ये दोष आहे हे ज्ञात असताना तो शोधायला आणि दूर झाला हे सिद्ध करायला जी मापे घ्यावी लागतात, त्यांची उपकरणे घरात नसतात. इलेक्ट्रिशियन आल्यावर शॉवर सोडवून केबलच्या इन्सुलेशनचा विरोध मेगर नावाच्या ५०० व्होल्टच्या मापनयंत्राने मोजतो. तो एक मेगाओहमपेक्षा कमी असता कामा नये, आणि चांगल्या केबलमध्ये तो त्याहून कितीतरी जास्त असतो. फेज आणि अर्थ यांच्या संपूर्ण वेटोळ्याचा विरोध तो मोजतो. अर्थ तुटली आहे, सैल आहे की ठाकठीक आहे, हे त्या एका आकड्यावरून कळते. आणि आरसीसीबी नुसता उडतो की नाही एवढे न पाहता तो किती मिलिसेकंदांत उडतो, हे तो मोजतो. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत तो उडायला हवा. बाथरूममधील धातूचे पाइप एकमेकांना आणि अर्थला जोडलेले आहेत का, हेही त्याच भेटीत पाहून घ्या. तुमच्या झिणझिण्या पाइपवर आल्या, त्यामुळे या तपासणीला तुमच्याकडे विशेष महत्त्व आहे.

नळकाम मात्र तुम्हीच करा, त्यात तुमचा हात बसलेला आहे. पाणी बंद करणे, जुना शॉवर उतरवण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून वायर सोडवून घेणे, नव्या शॉवरच्या पट्टीप्रमाणे भिंतीत भोके पाडताना आत केबल किंवा पाइप नाही याची खात्री करणे, आणि शॉवर जोडण्यापूर्वी पाइपमधून बादलीभर पाणी सोडून आतला कचरा काढून टाकणे, हे सगळे तुमच्याकडे. भोकांतून भिंतीत किंवा शॉवरच्या मागे पाणी शिरणार नाही असे सीलिंग पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच करा. विजेची जोडणी झाल्यावर आधी थंड पाणी सोडून शॉवर पूर्ण भरू द्या आणि धार सलग वाहू लागल्यावरच तापवण्याचा स्विच चालू करा. कोरडे एलिमेंट तापले तर ते काही सेकंदांत जळू शकते.

तुम्ही आजवर दिवे आणि स्विच बदलले आहेत आणि पुढेही बदलाल, म्हणून वीज बंद असल्याची खात्री कशी करतात याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याच टप्प्यावर हुशार माणसे फसतात. आपल्या बहुतेक घरांत यासाठी आत दिवा असलेला, स्क्रू ड्रायव्हरच्या आकाराचा टेस्टर वापरतात आणि तो पेटला नाही म्हणजे वीज नाही असे मानतात. त्या टेस्टरचा दिवा तुमच्या शरीरातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर पेटतो. तुम्ही लाकडी स्टुलावर किंवा रबरी तळव्याच्या चपला घालून उभे असाल, खोलीत लख्ख उजेड असेल किंवा आतला दिवाच गेलेला असेल, तर फेज जिवंत असूनही तो पेटलेला दिसणार नाही. म्हणून दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरावा, तो आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून पाहावा, मग कामाच्या जागी तपासावे आणि पुन्हा त्याच सॉकेटवर लावून तो मधल्या काळात बिघडला नाही याची खात्री करावी. तपासणी फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही जोड्यांवर करायची असते. तुमच्यासारख्या घरात याला फार महत्त्व आहे, कारण अर्थ तुटलेली असेल तर फेज आणि अर्थ यांच्यात टेस्टर शून्य दाखवील आणि तरीही फेजमध्ये २३० व्होल्ट असतील. बाथरूममधला दिवा विझला म्हणजे शॉवरही बंद झाला असे नसते, त्या दोहोंची सर्किटे वेगळी असतात. आणि बोर्ड बंद केल्यावर त्याला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी, म्हणजे घरातले कोणी ‘लाइट का गेली?’ म्हणून नकळत तो पुन्हा चालू करणार नाही.

स्विचच्या जागेविषयी एक गोष्ट राहिली. बाथरूममध्ये शॉवरच्या ट्रेच्या कडेपासून ६० सेंटिमीटरच्या आत हाताने दाबायचा साधा स्विच नसावा. ट्रे नसून पाणी थेट फरशीवर पडत असेल तर हे अंतर पाण्याच्या तोटीपासून १.२ मीटर धरतात. छतावरचा, इन्सुलेटेड दोरीचा स्विच किंवा बाथरूमच्या बाहेरचा स्विच यासाठीच असतो. शॉवरच्या खोक्यावर आयपीएक्स४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असल्याची खूण) किंवा त्याहून वरचा आकडा आहे ना, तेही पाहून घ्या.

पत्नीला सांगा की त्यांचा आग्रह बरोबर होता. इलेक्ट्रिशियनला बोलावताना ‘शॉवर बदलायचा आहे’ असे न सांगता ‘पाइपला झिणझिण्या येतात, आधी अर्थिंग तपासायचे आहे’ असे सांगा, नाहीतर तोही घाईत असेल तर तीन वायर जोडून निघून जाईल. काम झाल्यावर त्याने घेतलेली तिन्ही मापे, तारीख, केबलचा आकार आणि एमसीबीचा आकडा एका कागदावर त्याच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आरसीसीबीचे टेस्टचे बटण दर महिन्याला एकदा दाबत जा. पहिल्या आठवड्यात दोरीच्या स्विचच्या झाकणावर आंघोळीनंतर कोरड्या हाताने स्पर्श करून पाहा. ते चांगलेच गरम लागले तर पुन्हा एमसीबी बंद करून त्याच इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि टर्मिनल उघडून दाखवायला सांगा.